गे आणि कॅथोलिक : वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वसईचा. केळीच्या वाडीत वाढलो, लहानपणी सहा वर्षं वेदीसेवक होतो, आणि गे आहे. ओळखीतून ओळख काढत लोक मला विचारत असतात. कोणी आगाशीहून, कोणी कोर्लईहून, कोणी मालवण-सावंतवाडीकडून, काही जण मस्कत-दुबईच्या खोलीतून. बहुतेक मेसेज रात्री अकरानंतर येतात आणि "कोणाला सांगू नका" असं म्हणून सुरू होतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मी धर्मगुरू नाही. चर्चची शिकवण जिथे सांगितली आहे तिथे ती जशी आहे तशी सांगितली आहे. माझं मत आहे तिथे तसं म्हटलं आहे.

१. मी गे आहे. एवढ्यानेच मी पापी ठरतो का?

नाही. ओढ असणं हे पाप आहे असं कॅथोलिक चर्च कुठेही शिकवत नाही. पाप हे जाणूनबुजून, स्वतःच्या इच्छेने केलेल्या गोष्टीचं असतं. तुम्ही कोणाकडे ओढले जाता हे तुम्ही ठरवलेलं नाही. तेरा-चौदाव्या वर्षापासून "माझ्यात काहीतरी घाण आहे" असं वाटून जे रोज कुढतात, त्यांनी पुढचं काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं उत्तर मात्र दोनदा वाचा.

२. मग चर्च नेमकं काय शिकवतं? गोड करून सांगू नका.

सध्याची अधिकृत शिकवण १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात (कॅटेकिझममध्ये), परिच्छेद २३५७ ते २३५९ मध्ये आहे. तिच्यात दोन बाजू आहेत आणि लोक आपापल्या सोयीची एकच वाचतात.

पहिली बाजू कठोर आहे. समलिंगी शरीरसंबंध कोणत्याही परिस्थितीत योग्य ठरत नाहीत, आणि समलिंगी व्यक्तींना ब्रह्मचर्याचं बोलावणं आहे, असं तिथे म्हटलं आहे. १९९७च्या सुधारित आवृत्तीत ओढीलाही "विस्कळीत" हा शब्द लावला गेला. तो मानसोपचारातला शब्द नाही. शरीरसंबंधाचा हेतू संतती आणि पती-पत्नीचं ऐक्य, आणि त्या हेतूकडे न जाणारं ते विस्कळीत, अशी ती जुनी तत्त्वज्ञानाची भाषा आहे. तरी ऐकणाऱ्याला तो शब्द लागतो. मलाही लागला.

दुसरी बाजू परिच्छेद २३५८ मध्ये आहे. अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारलं पाहिजे, आणि अन्यायाच्या भेदभावाचं कोणतंही चिन्ह टाळलं पाहिजे. हा सल्ला नाही, हीसुद्धा शिकवणच आहे. जे फादर प्रवचनात पहिली बाजू सांगतात आणि दुसरी गाळतात, ते अर्धीच शिकवण देतात.

शिकवण बदललेली नाही, सूर मात्र बदलला आहे. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस विमानात पत्रकारांना म्हणाले, "न्याय करणारा मी कोण?" जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी समलिंगी असणं हा गुन्हा नाही असं स्पष्ट सांगितलं. आपल्याकडे डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू केलं, तेव्हा मुंबईचे त्या वेळचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी विवाहाला विरोध कायम ठेवला, पण चर्चने या लोकांना कधी गुन्हेगार मानलेलं नाही असंही सांगितलं. सप्टेंबर २०२५ मध्ये, ज्युबिली म्हणजे चर्चच्या पवित्र वर्षात, समलिंगी कॅथोलिकांची आणि त्यांच्या घरच्यांची यात्रा रोमला सेंट पीटर्सच्या पवित्र दारातून आत गेली. त्यांचे फोटो मी आईला दाखवले. ती बराच वेळ एकेक चेहरा मोठा करून बघत होती.

३. बायबलमध्ये तर स्पष्ट लिहिलंय ना? सदोम-गमोराचं काय?

सदोमचं पाप काय होतं हे बायबलच सांगतं. यहेज्केल १६:४९ काढा: गर्व, पोटभर अन्न, निवांतपणा, आणि गोरगरिबांना हात न देणं. उत्पत्ती १९ मध्ये गावातला जमाव दारी आलेल्या परक्यांवर बळजबरी करायला येतो. दोन माणसांच्या प्रेमाची ती गोष्टच नाही. २०१९ मध्ये व्हॅटिकनच्या बायबल आयोगानेही या कथेत पाहुण्याचा अव्हेर हेच मूळ पाप असल्याचं मांडलं.

लेवीय १८:२२, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय आणि करिंथकरांस पहिल्या पत्रातला ६:९ ही वचनं आहेत, ती नाकारून चालणार नाही. संत पौलाच्या काळात गुलाम मुलांना भोगासाठी वापरलं जायचं. आज आपण ज्याला समलिंगी व्यक्ती म्हणतो ती कल्पना त्या काळी नव्हती. तो नेमकं कशाला नाही म्हणतो यावर बायबलचे अभ्यासक अजून वाद घालतात. चर्चची शिकवण केवळ या वचनांवर उभी नाही, प्रश्न २ मधल्या हेतूच्या विचारावर उभी आहे. म्हणून वचनं फेकून मारणाऱ्याशी वचनं फेकून भांडू नका.

येशूने या विषयावर एक शब्दही काढलेला नाही. माझ्या मनात राहिलेलं पान प्रेषितांच्या कृत्यांमधलं आहे, अध्याय ८. इथिओपियाचा षंढ रथात बसून यशया वाचतोय. जुन्या नियमाने त्याला मंडळीत जागा नव्हती. तो विचारतो, माझा बाप्तिस्मा व्हायला आता हरकत काय? फिलिप त्याला परत पाठवत नाही. दोघे पाण्यात उतरतात.

४. कुमसाराला (फादरसमोर पापांची कबुली द्यायला) गेल्यावर हे सांगायलाच हवं का? गावचे फादर माझा आवाज ओळखतात.

"मी गे आहे" हे पाप नसल्यामुळे (प्रश्न १) ते पापांच्या यादीत येत नाही. सल्ला हवा असेल तर सांगा, नाहीतर नका सांगू.

कुमसारात ऐकलेलं बाहेर सांगणाऱ्या धर्मगुरूला आपोआप बहिष्कृत होण्याची शिक्षा आहे. घरच्यांना नाही, बिशपांना नाही, कोर्टालाही नाही. पण गुप्ततेची ही मुद्रा फक्त कुमसाराला लागू आहे. पॅरिशच्या (गावच्या चर्चच्या) ऑफिसमध्ये खुर्चीवर बसून मारलेल्या गप्पांना ती लागू नाही, आणि हा फरक न कळल्यामुळे पोरं अडचणीत आलेली मी पाहिली आहेत. बोलायचंच असेल तर "फादर, मला कुमसार करायचाय" असं म्हणून सुरुवात करा.

आपल्या पसंतीच्या धर्मगुरूकडे कुमसार करण्याचा हक्क प्रत्येक कॅथोलिकाला आहे, त्यासाठी आपल्या पॅरिशची परवानगी लागत नाही. मी वर्षानुवर्षं विरार लोकल पकडून वांद्र्याला जात होतो. एकाने दुखावलं तर दुसऱ्याकडे जा. एका फादरचा रागीट स्वर म्हणजे देवाचं उत्तर नव्हे.

५. मी ख्रिस्तप्रसाद (उपासनेत वेदीपाशी मिळणारी पवित्र भाकर) घेऊ शकतो का?

ब्रह्मचर्याने राहत असाल, तर प्रश्नच नाही. रांगेत उभे राहा.

जोडीदारासोबत राहत असाल तर चर्चचा नियम असा की गंभीर पापाची जाणीव असलेल्याने आधी कुमसार करावा. तुमच्या मनात नेमकी काय जाणीव आहे हे वेदीवर उभ्या धर्मगुरूला दिसत नाही. उघड गंभीर पापात हट्टाने राहणाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देऊ नये असं चर्चच्या कायद्यातला धर्मनियम ९१५ म्हणतो, पण योग्य तयारीने संस्कार मागणाऱ्याला तो नाकारता येत नाही, असं नियम ८४३ म्हणतो. केवळ गावातल्या कुजबुजीवरून हात मागे घेणं या नियमांत बसत नाही. कोणी नाकारलाच तर रांगेत वाद घालू नका, छातीवर हात ठेवून आशीर्वाद घ्या आणि नंतर भेट मागा. तिथेही ऐकलं नाही तर बिशप हाऊसला लेखी कळवा.

मी स्वतः सात वर्षं मागच्या बाकावर बसून राहिलो, ख्रिस्तप्रसादाच्या वेळी बूट न्याहाळत. ती वर्षं मला परत मिळणार नाहीत. पुढे काय करायचं ते तुम्ही प्रश्न ६ वाचून ठरवा.

६. "सदसद्विवेकबुद्धी" म्हणजे मनाला येईल ते करायची मुभा का?

उलट. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीला माणसाचा सर्वांत आतला गाभारा म्हटलं, जिथे तो देवासोबत एकटा असतो. गाभाऱ्यात कोणी चप्पल घालून जात नाही. धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की तिच्या निश्चित निर्णयाचं माणसाने पालन केलंच पाहिजे. आणि लगेच हेही सांगतो की तिला घडवावं लागतं, आणि ती चुकूही शकते.

घडवणं म्हणजे शिकवण पूर्ण वाचणं, प्रार्थना करणं, समजूतदार माणसाशी महिनोन्महिने बोलणं, आणि स्वतःला खरं विचारणं: या नात्याने मी अधिक प्रेमळ झालो की अधिक खोटा? काही जण या वाटेने ब्रह्मचर्यापर्यंत पोहोचतात आणि त्यात त्यांना शांती मिळते. त्यांना मूर्ख म्हणू नका. काही जण जोडीदारासोबतच्या विश्वासू आयुष्यापर्यंत पोहोचतात. चर्चची शिकवण या दुसऱ्या निर्णयाला मान्यता देत नाही, आणि तरीही तो घेणारे मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) येतात, आजाऱ्यांची सेवा करतात, संध्याकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतात. मी या दुसऱ्यांतला आहे. बाप्तिस्मा झाला तेव्हा मी तीन आठवड्यांचा होतो. त्या पाण्याने जे नातं जोडलं ते कोणत्याही पोपने, फादरने किंवा काकाने तोडलेलं नाही, आणि मीही तोडणार नाही.

७. माका लगीन करूचा नाय. आवशीक काय सांगू? ती म्हणता, लगीन झाला की सगळा बरा होतला.

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि माझं सर्वांत ठाम उत्तरही याचंच. लग्न करू नका. लग्नाने ओढ बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की आजवर एक जण घुसमटत होता आणि आता दोघं घुसमटतात, त्यातल्या बायकोला तर कारणही ठाऊक नसतं. ती रात्री कूस बदलून विचार करत राहते की माझ्यात काय कमी आहे. एका बाईने मला फोनवर सांगितलं, नऊ वर्षं ती आरशासमोर उभी राहून स्वतःला दोष देत होती. तिच्या आयुष्याची ती नऊ वर्षं कोणी भरून द्यायची?

आईचा दबाव खरा असतो. तिला शेजारणी विचारतात, सणाला पाहुणे विचारतात, पुढच्या वाडीतल्या प्रत्येक मुलाचं जमलेलं असतं. म्हणून पहिल्याच दिवशी सगळं सांगायची गरज नाही. "आये, लगीन करणार नाय, ह्या मी ठरवलंय" एवढं आधी ठाम सांगा, कारण न देता. ते पचायला वर्ष लागेल. आखाती देशात नोकरीला असाल तर "यंदा रजा नाही" म्हणत टाळू नका. टाळण्याने मुलगी बघणं थांबत नाही, आणि एक दिवस विमानतळावरून थेट साखरपुड्याला नेतात.

ओढीबद्दल सांगायचं तेव्हा आधी स्वतःच्या पायावर उभे असा आणि घराबाहेर झोपायला एक जागा ठरलेली असू द्या. आधी अशा एकाला सांगा जो घरात तुमच्या बाजूने बोलेल. बहुतेक घरांत ती मावशी किंवा बहीण असते. आईची पहिली प्रतिक्रिया ही शेवटची समजू नका. माझी आई तीन महिने माझ्याशी फक्त जेवण्यापुरतं बोलली. मग एका रात्री रोझरी संपल्यावर तिने विचारलं, "तुला कोणी त्रास देतं का रे?"

चर्चच्या बाजूनेही बघा. भीतीपोटी किंवा मोठी गोष्ट लपवून केलेला विवाह धर्मनियमांनुसार रद्दबातल ठरू शकतो. म्हणजे "लग्न कर" म्हणणारे तुम्हाला कदाचित मुळातच नसलेला संस्कार करायला लावत असतात.

८. माझं लग्न झालंय, दोन मुलं आहेत. आता?

आधी बायकोशी खरं बोला, शक्य असेल तर समुपदेशकासमोर. तिच्यापासून लपवून बाहेर नातं ठेवणं हा उपाय नाही, आणि यात मी तुमची बाजू घेणार नाही.

विवाह मुळात झालाच नव्हता असा निर्णय बिशपांचं धर्मन्यायालय देऊ शकतं. कारणं बहुधा तीन नियमांत शोधली जातात: १०९५ म्हणजे विवाहाची मूलभूत कर्तव्यं पेलण्याची मानसिक असमर्थता, १०९८ म्हणजे फसवणूक, ११०३ म्हणजे बळजबरी किंवा भीती. २०१५च्या सुधारणेनंतर दोन न्यायालयांच्या एकसारख्या निकालांची गरज उरलेली नाही, एक पुरतो. मुलं यामुळे अनौरस ठरत नाहीत.

इथे बरेच जण फसतात. चर्चच्या निकालाला दिवाणी कायद्यात किंमत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. ख्रिस्ती जोडप्याला घटस्फोट कायदा, १८६९ खाली वेगळा अर्ज करावाच लागतो.

९. रिट्रीटला (प्रार्थना-शिबिराला) नेऊन प्रार्थनेने "बरं" करतात म्हणे. जाऊ का?

हा आजार नाही, त्यामुळे बरं होण्यासारखं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच आजारांच्या यादीतून ते काढलं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ओढ बदलण्याचे उपचार हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. चर्चची शिकवणही ओढ बदलून घ्या असं सांगत नाही.

विसाव्या वर्षी मला असंच एका ठिकाणी नेलं होतं. डोक्यावर हात ठेवून चार जण ओरडत होते आणि मी डोळे मिटून "हो, गेलं" म्हणालो, कारण मला घरी जायचं होतं. प्रार्थनेला, रिट्रीटला जरूर जा. कोणी तुमच्यातून काही "काढायला" लागलं तर उठून बाहेर या. आणि जीव नकोसा वाटत असेल तर आत्ता १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, मराठीत, रात्रीही.

१०. मी मुलगी आहे. सगळी चर्चा मुलांचीच का? मला तर "सिस्टर हो" म्हणतात.

तक्रार रास्त आहे. मुलाला निदान मुंबईला खोली घेऊन राहता येतं, मुलीला तेवढंही मिळत नाही. वरची सगळी उत्तरं तुम्हालाही तशीच लागू आहेत. मठ ही लग्न टाळायची जागा नाही. बोलावणं असेल तर जा, सुटका म्हणून गेलात तर दोनेक वर्षांत तिथेही घुसमट होते. आधी नोकरी, आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं.

११. आणि मला खरंच फादर व्हायचंय, तर?

२००५च्या व्हॅटिकनच्या सूचनेनुसार "खोलवर रुजलेली" समलिंगी ओढ असलेल्यांना सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत) घेऊ नये, आणि २०१६ मध्ये तेच पुन्हा सांगितलं गेलं. "खोलवर" म्हणजे काय हे ठरवणं प्रत्यक्षात बिशप आणि सेमिनरीच्या हाती राहतं. लपवून आत जाऊ नका. ज्या धर्मगुरूवर विश्वास आहे त्याच्याशी आधी मोकळं बोला.

१२. आम्हा दोघांना फादर आशीर्वाद देऊ शकतात का?

१८ डिसेंबर २०२३च्या व्हॅटिकनच्या घोषणेपासून, हो, पण मर्यादेत. विवाहविधीसारखं काही नाही, ठरलेली प्रार्थना नाही, लग्नाचे कपडे नाहीत, दिवाणी विवाहाच्या समारंभाला जोडून नाही. पुढच्याच महिन्यात व्हॅटिकनने सांगितलं की दहा-पंधरा सेकंदांचा, वाटेत मागितल्यासारखा आशीर्वाद अभिप्रेत आहे. तो नात्याची मंजुरी नाही, माणसांना दिलेला आशीर्वाद आहे. सगळे फादर देतीलच असं नाही. आम्ही मिस्सेनंतर पायऱ्यांवर मागितला. फादर क्षणभर थांबले आणि दोघांच्या कपाळावर क्रूस केला.

१३. गायनवृंदात गाता येईल का? भाच्याचा धर्मपिता (गॉडफादर)? मित्राच्या लग्नात साक्षीदार?

साक्षीदार: हो, व्हॅटिकनने ऑक्टोबर २०२३च्या उत्तरात कोणताही नियम आड येत नाही असं म्हटलं. धर्मपिता: नियम ८७४ प्रमाणे श्रद्धेला साजेसं जगणं अपेक्षित असतं. उघडपणे जोडप्यासारखं राहणाऱ्यांबाबत प्रत्येक बाब स्वतंत्रपणे, सांभाळून ठरवावी असं तेच उत्तर सांगतं, म्हणजे तुमच्या पॅरिश प्रीस्टशी बोलावं लागेल. नकार मिळाला तरी भाच्याला रोझरी शिकवायला कोणी अडवत नाही. गायनवृंदाबद्दल वैश्विक नियमच नाही, ती स्थानिक बाब आहे. तुमचा आवाज चांगला असेल तर गा.

१४. मी ट्रान्स आहे. बाप्तिस्मा मिळेल?

हो. प्रश्न १३ मधल्या त्याच उत्तरानुसार, इतर कोणत्याही श्रद्धावंताच्या अटींवर, लोकांत गोंधळ वा बोभाटा होणार नसेल तर. लहान गावात ही शेवटची अट जड जाते, म्हणून दुसऱ्या पॅरिशमध्ये विचारायला संकोच करू नका.

१५. जोडीदार आजारी आहे. तो गेला तर चर्च त्याला माती देईल का? आणि मी कोण ठरेन?

अंत्यविधी नाकारण्याची कारणं धर्मनियम ११८४ मध्ये मोजकी आहेत. उघड पापी म्हणून नाकारायचं तर त्यामुळे श्रद्धावंतांत बोभाटा होणार असला पाहिजे, मरणाआधी पश्चात्तापाचं चिन्ह दिसलं असेल तर तेही लागू होत नाही, आणि शंका असेल तर बिशपांना विचारावं लागतं. माझ्या ओळखीत अजून कोणाला नाकारलेलं नाही. त्रास होतो तो घरच्यांकडून. दक्षिणेकडे एका मित्राच्या मातीला त्याचा अकरा वर्षांचा जोडीदार दफनभूमीच्या फाटकापाशी उभा होता, कारण त्याला "रूममेट" म्हणून ओळख करून दिली होती. शेवटी मित्राच्या म्हाताऱ्या आत्याने त्याचा हात धरून त्याला पुढे नेलं आणि त्याच्या मुठीत माती दिली.

आत्या प्रत्येकाला मिळत नाही, म्हणून कागद आत्ताच करा. सप्टेंबर २०१८ पासून तुमचं नातं गुन्हा नाही, पण सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२३च्या निकालाने लग्नाचा हक्क मिळालेला नाही. त्यामुळे कायद्यासमोर तुम्ही एकमेकांचे कोणी नाही. संयुक्त बँक खातं उघडता येतं आणि जोडीदाराचं नामनिर्देशन करता येतं, ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने तसं स्पष्ट केलं आहे. अविवाहित ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे सगळं रक्ताच्या नातेवाइकांकडे जातं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. त्यात जोडीदाराची सही घेऊ नका. साक्षीदाराच्या नावे लिहून ठेवलेली मिळकत त्याला मिळत नाही, मृत्युपत्र बाकी खरं असलं तरी.